खोडव्यातली पांढरी बेटं: करवीर तालुक्यातल्या एका ऊसप्लॉटचा अभ्यास

पंचगंगेच्या खोऱ्यात २०१९ आणि २०२१ साली मोठे पूर आले. पुरात आडसाली (पावसाळ्याच्या सुरुवातीची) लावण कुजली की ऑक्टोबरात पुन्हा लावण करावी लागते आणि त्या वेळी बेण्याची टंचाई हमखास असते. मग भावकीत, शेजारच्या गावात, जिथं मिळेल तिथून ऊस तोडून आणतात. बेणं कोणत्या प्लॉटातलं, लावणीचं की खोडव्याचं (तोडीनंतर त्याच बुडातून पुन्हा फुटलेल्या उसाचं), किती वर्षांपूर्वी बदललेलं, हे त्या घाईत कुणी विचारत नाही. या अभ्यासातलं प्रकरण, उसाच्या गवताळ वाढीच्या रोगाचं, तिथूनच सुरू होतं. ते प्रातिनिधिक आहे. करवीर, कागल, हातकणंगले भागात वरचेवर दिसणारी परिस्थिती एका प्लॉटात मांडली आहे आणि आकडे हिशेब दिसावा म्हणून घेतले आहेत.

दोन एकर रान, नदीकाठची काळी जमीन, जात को ८६०३२. साडेचार फुटी सरी, दोन फुटांवर एक डोळा, म्हणजे एकरी ४,८४० आणि दोन एकरांत ९,६८० बेटं (एका डोळ्यापासून फुटलेला उसांचा झुबका म्हणजे एक बेट). बेणं गावातल्याच एका खोडव्यातून आणलेलं. लावणीचा ऊस बरा आला. काही बेटं बारीक राहिली होती, पण भरणीनंतर (बुडाला माती चढवल्यावर) उसाचं रान दाटलं की आतलं बेट कुणाला दिसत नाही. जानेवारीत तोड झाली आणि खोडवा राखला. मार्च संपता संपता सरीत मधूनच पांढरट बेटं दिसू लागली. गवतासारखे बारीक फुटवे, एकेका बेटात चाळीस-पन्नास, पानं अरुंद, मऊ आणि कागदासारखी पांढरी.

“लोह कमी पडलंय, हिराकस मारा,” हा गावातला पहिला सल्ला. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम या प्रमाणात दोन फवारण्या आठवड्याच्या अंतरानं झाल्या. पांढरी बेटं पांढरीच राहिली. मग बेटाच्या बुडात युरिया पडला. त्यानं शेजारचा निरोगी ऊस काळाभोर झाला आणि पांढरी बेटं आणखी उठून दिसू लागली.

सल्ला अगदीच खुळा नव्हता. चुनखडीच्या रानात आणि पाणी साचून राहिलेल्या सरीत उसाला लोहाची कमतरता पडते आणि कोवळी पानं पांढरी पडतात. फरक आहे तो पांढरेपणाच्या मांडणीत. लोह कमी पडलं की पानाच्या शिरा हिरव्या राहतात, मधला भाग फिका होतो, खालची जुनी पानं हिरवी असतात आणि रानाचा सलग पट्टाच्या पट्टा तसा दिसतो. फुटव्यांची संख्या वाढत नाही. फवारणीनंतर आठ-दहा दिवसांत नवं पान हिरवं निघतं. या प्लॉटात एक बेट पूर्ण पांढरं आणि दोन फुटांवरचं शेजारी गर्द हिरवं होतं. जमिनीची कमतरता अशी बेट निवडून लागत नाही. हा एक मुद्दा नीट पाहिला असता तर दोन फवारण्यांचा खर्च वाचला असता.

आणखी दोन गोष्टी वगळाव्या लागतात. खोडकिड्यानं पोंगा (शेंड्याची गुंडाळलेली पानं) मेला तरी बाजूनं फुटवे जास्त येतात, पण ते हिरवे असतात आणि मेलेला पोंगा ओढल्यावर सहज हातात येतो, त्याला कुजका वास असतो. काणी या बुरशीजन्य रोगाच्या बेटातही सुरुवातीला गवतासारखे फुटवे दिसतात, पुढे शेंड्यातून काळा चाबूक निघतो. इथं दोन्ही नव्हतं. उरली ती गवताळ वाढ.

रोग राहतो कुठं

गवताळ वाढ ना बुरशीमुळं होते ना विषाणूमुळं. कारण आहे फायटोप्लाझ्मा, पेशीभित्ती नसलेला अतिसूक्ष्म जिवाणू, साधारण ०.२ ते ०.८ मायक्रोमीटरचा. असे जीव वनस्पतीत असतात हे १९६७ साली जपानमध्ये तुतीच्या खुज्या रोगाचा अभ्यास करताना पहिल्यांदा दिसलं. उसातल्या या जातीला ‘कँडिडेटस फायटोप्लाझ्मा सॅकरी’ हे नाव पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ साली दिलं. ‘कँडिडेटस’ लावण्याचं कारण असं की हा जीव शुद्ध स्वरूपात वाढवता आलेला नाही. त्याचं जनुकद्रव्य इतकं आटलेलं आहे की ऊर्जेसाठीसुद्धा तो यजमान पेशीवर अवलंबून असतो.

राहायला त्यानं जागा निवडली आहे ती फ्लोएमची, म्हणजे पानात तयार झालेली साखर मुळांकडे आणि शेंड्याकडे नेणाऱ्या रसवाहिन्यांची. इथं एक गैरसमज आधी दूर केलेला बरा. गुऱ्हाळात चरकातून निघतो तो रस म्हणजे हा रस नव्हे. चरकातला रस मुख्यतः कांड्यातल्या साठवणीच्या पेशींचा असतो. त्यातही प्रथिनं असतात. काहिलीत रस तापला, भेंडीचं पाणी पडलं की मळी वर येते, त्या मळीत गोठलेली प्रथिनं असतात. पण आपल्याला हवी आहेत ती चालत्या रसवाहिनीतली प्रथिनं, आणि ती उसातून काढणं सोपं नाही. कापल्यावर थेंब येईल अशी उसाची रसवाहिनी नाही. प्रयोगशाळेत पानाचं देठाकडचं टोक ईडीटीए या रसवाहिनी बुजू न देणाऱ्या रसायनाच्या द्रावणात बुडवून रस झिरपवतात, किंवा रस पिणाऱ्या किडीची सोंड लेसरनं कापून सोंडेतून येणारा थेंब गोळा करतात.

या रसात प्रथिनं येतात कुठून? रसवाहिनी जिची बनते त्या प्रौढ चाळणीपेशीत केंद्रक नसतं, रायबोसोमही उरत नाहीत, म्हणजे ती स्वतः प्रथिन बनवू शकत नाही. शेजारची सहपेशी प्रथिनं बनवते आणि पेशींना जोडणाऱ्या बारीक नळ्यांमधून आत सोडते. बऱ्याच वनस्पतींत या रसात मिलिलिटरला एक-दोन मिलिग्रॅमपर्यंत प्रथिन असतं, भोपळवर्गात त्याच्या कितीतरी पट. भोपळ्याचं देठ कापलं की चिकट थेंब येतो आणि हवेत घट्ट होतो, ते पीपी-१ आणि पीपी-२ या प्रथिनांचं काम. जखम झाली की ती वाहिनी बुजवतात. गवतवर्गात, म्हणजे ज्वारी, मका, ऊस यांत, वाहिनी बुजवणारी ही पी-प्रथिनं नसतात. ऊस चाळणीची छिद्रं आवळतो ती मुख्यतः कॅलोज नावाच्या कर्बोदकानं. बेट फिकं पडण्यात या आवळण्याचाही वाटा असतो. साखर पानात अडकते, पिष्ट साचतं, हरितद्रव्य घटतं आणि मुळं उपाशी राहतात.

वाहिनीबाहेर जातं काय

इथं या रोगाचं मर्म आहे. फायटोप्लाझ्मा चाळणीच्या छिद्रांतून वाहिनीत वरखाली फिरू शकतो, पण वाहिनी सोडून बाजूच्या पेशींत जात नाही. फुटवे फुटतात ते बुडातल्या डोळ्यांतून, म्हणजे जिथं तो स्वतः पोचत नाही तिथून. मग डोळ्याला जागं करतं कोण?

उत्तर त्यानं रसात सोडलेल्या लहान प्रथिनांत आहे. पेशीभित्ती नसल्यामुळं तो प्रथिन थेट यजमानाच्या रसात सोडतो. सोडताना पुढचा संकेततुकडा छाटला जातो आणि उरतं ते प्रथिन इतकं लहान असतं की ते पेशी जोडणाऱ्या नळ्यांतून सहज पलीकडे जातं. सॅप-११ हे साधारण ९० अमिनो आम्लांचं. तेंगू हे जपानमध्ये कांद्याच्या पिवळ्या रोगात २००९ साली सापडलेलं प्रथिन तर अवघ्या ३८ अमिनो आम्लांचं. दोन्ही प्रथिनं रसवाहिनीच्या बाहेर सापडली आहेत, तेंगू शेंड्याच्या कळीतही.

सॅप-११ केंद्रकात शिरतं आणि टीसीपी गटातली नियंत्रक प्रथिनं नासवतं. ही टीसीपी प्रथिनं म्हणजे वनस्पतीचा लगाम. फांद्या किती फुटाव्यात, पान किती रुंद व्हावं, हे त्यांच्या हातात असतं. त्यातलं टीबी-१ गवतवर्गासाठी महत्त्वाचं. मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे याचं झुडूप आणि एकाच खोडाचा मका यांच्यात फरक पाडणाऱ्या प्रमुख जनुकांत त्याचा समावेश होतो. मक्याच्या झुडूपखुजा रोगातल्या फायटोप्लाझ्माचं सॅप-११ नेमकं याच टीबी-१ च्या गटावर हल्ला करतं. लगाम सुटला की बुडातला प्रत्येक डोळा फुटतो. सॅप-०५ हे तिसरं प्रथिन वनस्पतीची वाढीची घड्याळं सांभाळणारी प्रथिनं थेट पेशीच्या कचरायंत्रात ढकलतं, त्यामुळं वनस्पती बाल्यावस्थेतच अडकते. त्याची कार्यपद्धती २०२१ साली नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमधून पुढं आली.

यातले बहुतेक प्रयोग अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या वनस्पतीवर आणि इतर पिकांच्या फायटोप्लाझ्मावर झाले आहेत, उसावर नव्हे. म्हणून ‘आपल्या उसात सॅप-११ इतकं वाढलं’ असं कुणी सांगत असेल तर आधी मोजलं कशानं ते विचारावं. पण कांडं न धरणं, बेसुमार फुटवे, अरुंद पान ही चिन्हं त्या यंत्रणेशी जुळतात. व्यवहारासाठी त्यातून दोन निष्कर्ष निघतात आणि ते पक्के आहेत.

एक, पानावर फवारलेलं काहीही या बेटाला बरं करणार नाही. रोगजंतू वाहिनीत बंद आहे आणि लगाम सुटलेला डोळा पुन्हा मिटत नाही. टेट्रासायक्लिननं फायटोप्लाझ्माची वाढ तात्पुरती दबते, थांबवलं की परत येते. शेतात ते मारणं म्हणजे पैसा घालवून प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू वाढवणं. पेनिसिलिनचा तर काहीच उपयोग नाही, ते पेशीभित्तीवर काम करतं आणि इथं भित्तीच नाही.

दोन, किडीचाही यात फायदा आहे. सॅप-११ मुळं वनस्पतीतलं जॅस्मोनिक आम्ल घटतं. किडींविरुद्धचं संरक्षण त्यावर चालतं. अशा वनस्पतीवर तुडतुडे जास्त अंडी घालतात, हे २०११ साली दिसून आलं. उसात डेल्टोसेफॅलस वल्गॅरिस हा तुडतुडा हा रोग पसरवतो. म्हणजे पांढरं बेट रानात उभं राहणं हे किडीला बोलावणं आहे.

शेतातली मोजणी आणि नमुना

प्लॉटात पाच ठिकाणी, कडेच्या दोन सऱ्या सोडून, सलग १०० बेटं मोजली. ५०० पैकी १९ बेटं रोगट, म्हणजे ३.८ टक्के. दोन एकरांचा हिशेब सुमारे ३६८ बेटांचा. खोडव्यात बेटाला सहा ऊस आणि उसाला १.२ किलो धरलं तर अडीच टनांहून थोडा जास्त ऊस गेला. हा दिसणारा तोटा. न दिसणारा तोटा बेण्याचा आहे, तो पुढे येतो.

नमुना घेताना बहुतेक जण सर्वांत पांढरं, सुकत आलेलं पान तोडतात. त्यात जिवंत रसवाहिनीच नसते. पोंग्याजवळचं, नुकतं उघडलेलं पान घ्यावं, शिवाय शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या बेटाचं एक आणि लांबच्या स्वच्छ प्लॉटातलं एक. ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत, बर्फाच्या पेटीत, शक्यतो एका दिवसात पोचवावं. प्रयोगशाळेत पात्याची मधली शीर ब्लेडनं वेगळी करतात, कारण रसवाहिन्या तिथं दाटीनं असतात. सीटॅब नावाच्या रसायनाच्या पद्धतीनं डीएनए काढतात. उसात फिनॉल आणि कर्बोदकं भरपूर असल्यामुळं डीएनए नीट धुतला नाही तर पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी चाचणी) अडतो आणि रोगट नमुनाही निगेटिव्ह येतो.

पीसीआर दोन फेऱ्यांत होतो. पहिल्या फेरीत पी-१ आणि पी-७ या प्रायमरनं (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या धाग्यांनी) सुमारे १,८०० बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, तुकडा, दुसऱ्या फेरीत आर-१६-एफ-२-एन आणि आर-१६-आर-२ नं सुमारे १,२०० बेसचा. एका फेरीत बऱ्याचदा काहीच दिसत नाही, कारण गवतवर्गात या जंतूचं प्रमाण कमी आणि विषम असतं. दुसऱ्या फेरीचा धोका उलटा. नळ्या उघडताना जरासा संसर्ग झाला तरी सगळे नमुने पॉझिटिव्ह येतात. म्हणून अहवालात नुसत्या पाण्याचा नमुना निगेटिव्ह आला का ते पाहावं, आणि शंका असेल तर तुकड्याचं क्रमवाचन (डीएनएची अक्षरं ओळीनं वाचणं) मागावं. स्वस्तातली प्राथमिक चाचणी म्हणजे डायन्स रंजक. शिरेचा हातानं घेतलेला पातळ काप रंगवला की रोगट फ्लोएम निळा दिसतो. फायटोप्लाझ्माची जात मात्र त्यावरून कळत नाही.

अशा प्लॉटात शेजारचं हिरवं बेटही कधीकधी पॉझिटिव्ह निघतं. निर्णय बदलतो तो या निकालानं.

बेण्याचा हिशेब

लावणीच्या एका बेटात सात-आठ ऊस, उसाला बेण्यायोग्य दहा डोळे. म्हणजे लक्षण न दाखवणारं एक रोगट बेट ७० ते ८० डोळ्यांतून पुढच्या रानात जातं. तुडतुडा एवढं काम एका हंगामात क्वचितच करतो. पुरानंतरच्या घाईत खोडव्यातलं बेणं आणलं तेव्हाच या प्लॉटाचा निकाल लागला होता. लक्षणं लावणीत झाकली आणि खोडव्यात उघडी पडली, कारण खोडक्यांच्या रसवाहिनीत जंतू टिकून असतो आणि नवा फुटवा पहिल्या दिवसापासून त्याच रसावर वाढतो.

या प्लॉटासाठी ठरलं ते असं. प्रादुर्भाव १५ टक्क्यांच्या पुढं गेला की खोडवा राखू नये, अशी शिफारस आहे. इथं तो चारच्या आत, म्हणून चालू खोडवा तोडीपर्यंत ठेवायचा. पांढरी बेटं मुळासकट खणून काढायची. नुसती कोयत्यानं छाटली तर पंधरा दिवसांत पुन्हा तशीच फुटतात. खणण्याआधी तुडतुड्यांसाठी शिफारशीतलं आंतरप्रवाही कीटकनाशक फवारायचं, नाहीतर बेट हलवलं की तुडतुडे उडून शेजारी बसतात. उपटलेलं बेट वाळलं की त्यातला जंतूही मरतो. हा जंतू माणसाला किंवा जनावराला लागत नाही, त्यामुळं वैरणीला गेलं तरी हरकत नाही. एप्रिलमध्ये नांग्या (रिकाम्या जागा) भरून उपयोग नाही, मोठ्या उसाच्या सावलीत रोप मरतं. दुसरा खोडवा नाही. आणि या प्लॉटातली एकही कांडी, हिरवीगार असली तरी, बेण्याला नाही. ऊस कारखान्याला किंवा गुऱ्हाळाला.

नव्या लावणीचं बेणं उष्ण बाष्प प्रक्रिया केलेलं हवं: ५४ अंश सेल्सियस, ९५ ते ९९ टक्के आर्द्रता, अडीच तास. ती नसेल तर ५० अंशांच्या गरम पाण्यात दोन तास. ऊस मरत नाही आणि फायटोप्लाझ्मा मरतो, ही फट अगदी अरुंद आहे. तापमान एक-दोन अंश वर गेलं की डोळा भाजतो, खाली राहिलं की जंतू वाचतो. चुका ठरलेल्या असतात. कांड्यांवर पाचट राहतं. पेटी ठासून भरली जाते, मग मधल्या थराला वाफ लागत नाही. तापमापक फक्त वाफ शिरते त्या तोंडाशी असतो आणि वेळ कांड्यांचा गाभा तापण्याआधीच मोजायला घेतात. सहा-सात महिन्यांचं कोवळं बेणं या उष्णतेत जातंच, नऊ-दहा महिन्यांचं टिकतं. तरीही उगवण थोडी घटते, बेणं थोडं जादा धरावं.

प्रक्रियेनंतर कांड्या थंड करून १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिमच्या द्रावणात १० ते १५ मिनिटं बुडवतात. हे बुरशीनाशक गवताळ वाढीवरचा उपाय नव्हे. तापवलेल्या कांडीच्या कापातून जमिनीतली बुरशी शिरते, तिच्यासाठी ते आहे. सावलीत सुकवल्यावर १० किलो अ‍ॅसेटोबॅक्टर हे नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि १.२५ किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात मिसळून त्यात अर्धा तास. क्रम उलटला तर बुरशीनाशकाच्या बुडवणीत जिवाणू वाया जातात.

एकदा तापवलं म्हणजे बेणं कायमचं शुद्ध झालं असं होत नाही. म्हणून मूलभूत, पायाभूत, प्रमाणित असा तीन टप्प्यांचा बेणेमळा असतो आणि तीन-चार वर्षांनी बेणं बदलावं लागतं. मूलभूत बेणं पाडेगावचं मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट किंवा कोल्हापूरचं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र इथून आधी नोंदणी करून घ्यावं, पुरानंतर रांगेत उभं राहून नव्हे. ऊतीसंवर्धित रोपं हा दुसरा मार्ग. शेंड्याच्या अगदी टोकाला रसवाहिनी अजून तयार झालेली नसते, त्यामुळं तेवढाच तुकडा घेतला तर जंतू मागे राहतो. तुकडा मोठा घेतला की तो बरोबर येतो. या रोपांना पहिल्या वर्षी फुटवे बारीक आणि भरपूर येतात. ती हिरवी असतील तर घाबरून उपटू नयेत.

बेणेमळ्यात लावणीनंतर दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी सरीतून चालायचं, भरणीआधी विशेष, कारण नंतर आत शिरता येत नाही. पांढरं किंवा गवताळ बेट दिसलं की त्याच दिवशी मुळासकट बाहेर. बांधावरची हरळी पांढरी दिसली म्हणून तिच्यावर खापर फोडू नये, तिचा पांढरा रोग सहसा वेगळ्या गटातल्या फायटोप्लाझ्मामुळं होतो. लक्ष द्यायचं ते मोडलेल्या खोडव्याच्या जागी. या दोन एकरांत पुढं सोयाबीन घ्यायचं ठरलं आहे. नांगरटीतून सुटलेली खोडकी जूनच्या पावसात फुटतात आणि सोयाबीनच्या ओळीत पांढरं पातं वर येतं. पहिल्या खुरपणीत ते तणाबरोबर कापलं जातं आणि खोडकं जमिनीत तसंच राहतं. त्या खुरपणीला खुरप्याबरोबर कुदळही न्यायची.